ग्राफिक्स कार्डाची भरपाई रजा

तिचे सासरे चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीत आस्थापना विभागाचे प्रमुख होते. माणसं नेमायची, त्यांना रुजू करून घ्यायचं, त्यांच्या रजा मंजूर करायच्या आणि जमेल तितक्या नामंजूर करायच्या, हे त्यांचं काम. कचेरीत पाठीमागे त्यांना सगळे ‘नामंजूर’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सुंभ जळाला तरी पीळ थोडाच जातो? त्यांनी एक जाड वही आणली आणि घरातल्या वस्तूंची सेवापुस्तकं लिहायला घेतली. वहीत फ्रिजचं पान होतं, मिक्सरचं होतं, दारावरच्या घंटीचं होतं. घंटीच्या पानावर ‘दोन वेळा गैरहजर, तोंडी समज दिली’ असा शेरा होता.

सुनेला आता यात काही वावगं वाटत नसे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत माणूस कशालाही सरावतो. मिक्सरला गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असे. त्या दिवशी जे काही वाटायचं ते ती हाताने वाटायची.

ती स्वतः स्वयंपाकघरं काढायची. म्हणजे एका कंपनीत ती गिऱ्हाइकांच्या घरांची मापं घेऊन संगणकावर कपाटं, खण, ओटे उभे करायची आणि गिऱ्हाइकाला ते स्वयंपाकघर पडद्यावर चहूबाजूंनी फिरवून दाखवायची. आजवर तिने चौदाशे स्वयंपाकघरं काढली होती. कुठल्या बाईचा हात कुठल्या फळीपर्यंत पोचेल, कुठला खण उघडला की गुडघ्याला लागेल, हे ती माणूस दारातून आत येताना बघूनच सांगायची. या कामात तिचा जीव होता.

आणि नेमकं तेच हातचं जायची वेळ आली होती. कंपनीने इथली कचेरी बंद केली. ज्यांना घरून काम करायचंय त्यांनी स्वतःचं यंत्र घ्यावं, सोमवारी सकाळी दहा वाजता मुख्य कचेरीतून तपासनीस बाई जोडल्या जातील, एक जड चित्र उघडायला लावतील आणि फिरवून बघतील. ज्याचं चित्र अडकेल त्याने मुख्य कचेरीत येऊन बसायचं. मुख्य कचेरी नऊ तासांच्या अंतरावर होती. म्हणजे एकतर वसतिगृहात खाट घ्यायची, नाहीतर नोकरी सोडायची. सुनेने नोकरी सोडावी असं घरात कुणी म्हणालं नाही. सोडू नये असंही कुणी म्हणालं नाही. तिला त्या दुसऱ्या गोष्टीचं जास्त लागलं.

“यंत्र घ्यायचंच आहे तर जरा दमदार घेऊ,” बुधवारी जेवताना नवरा म्हणाला. तो खोट्या दातांच्या कारखान्यात कवळ्या करायचा. “दिवसा तू काम कर, संध्याकाळी मी गाड्या पळवीन. दिवसभर दाढा घासून आल्यावर माणसाला जरा वेगात जावंसं वाटतं गं.”

सासऱ्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

“एकच यंत्र दिवसा हिच्याकडे कामाला आणि संध्याकाळी तुझ्याकडे? ही दुहेरी नोकरी झाली. नियमात बसत नाही.”

“बाबा, यंत्र आहे ते.”

“यंत्र आहे म्हणून काय वाटेल तसं राबवायचं?” सासरे म्हणाले. “त्याला कुणी वाली नको?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घोडं अडलं होतं ते टेबलापाशी. यंत्र ठेवण्याजोगं भक्कम टेबल घरात एकच होतं, सासऱ्यांचं, आणि ते त्यांच्या खोलीत होतं. दार लावून काम करता येईल अशी खोलीही तीच. अडला हरी, दुसरं काय! शेवटी भरती बाबांनी करायची असं ठरलं.

जोडणीवाल्याचं दुकान एका जिन्याखाली होतं, कुलुपांच्या किल्ल्या करणाऱ्याच्या आणि इस्त्रीवाल्याच्या मधे. दुकान इतकं चिंचोळं की जोडणीवाल्याला मागे वळायचं झालं तर गिऱ्हाइकाने दोन पायऱ्या खाली उतरावं लागे. गुरुवारी सकाळी सासरे फाइल, पेन आणि पाण्याची बाटली घेऊन तिथे हजर झाले. सून मागे उभी राहिली.

“एकेक उमेदवार आत पाठवा,” सासरे म्हणाले. “बाकीच्यांना बाहेर बसवा. एकाला विचारलेले प्रश्न दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नयेत.”

जोडणीवाला हा भला माणूस होता आणि त्या दिवशी सकाळपासून त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. त्याने सगळे सुटे भाग खोक्यांसकट इस्त्रीवाल्याच्या स्टुलावर नेऊन ओळीने ठेवले आणि प्रोसेसरला घेऊन आत आला.

“याचं काम काय?”

“विचार करणं, साहेब. आठ डोकी आहेत याला.”

“पद एक आणि माणसं आठ?”

“डोकी आठ, खुर्ची एकच. एकत्र कुटुंब समजा.”

“भांडणं होतात?”

जोडणीवाल्याने प्रामाणिकपणे विचार केला. “तापतात कधीकधी. डोक्यावर पंखा लावला की निवतात.”

सासऱ्यांनी ‘स्वभाव तापट पण आटोक्यात’ असं लिहून घेतलं. मग रॅमच्या दोन पट्ट्या आल्या, त्या एकाच खोक्यातून आणि हुबेहूब सारख्या. सासऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सख्खे भाऊ एकाच विभागात कसे चालतील? आज एकाने चूक केली की उद्या दुसरा ती झाकणार. जोडी फोडली तर यंत्र रडतखडत चालतं हे सुनेला ठाऊक होतं.

“पण साहेब, यांना शेजारी शेजारी बसवतच नाहीत,” जोडणीवाला म्हणाला. “मधली एक जागा रिकामी सोडूनच बसवायचं असतं. तसा नियमच आहे.”

“नियम आहे?” सासऱ्यांनी चष्मा वर केला. “लेखी?”

जोडणीवाल्याने मदरबोर्डासोबतचं पुस्तक उघडून आकृती दाखवली. सासऱ्यांनी ती दोनदा वाचली. या धंद्यात शिस्तीची माणसं आहेत हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा पटलं, आणि तिथून पुढे त्यांची भरती रंगात आली.

पॉवर सप्लाय आला. काळा, चौकोनी, जड. त्याच्याविषयी विचारण्यासारखं काही दिसेना.

“हा काय करतो?”

“सगळ्यांना पुरवतो. हा बसला की सगळंच बसलं.”

“मग याला वरची जागा का नाही?”

“हा तळाशीच असतो, साहेब. तोंड भिंतीकडे. नीट चाललेला असला की कुणाला त्याची आठवणही येत नाही.”

“कष्टाळू दिसतो,” सासरे म्हणाले आणि त्यांनी न विचारताच त्याला बुधवारची सुट्टी लावून टाकली. बुधवारी मग यंत्र चालणार कसं, हे त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी त्याला आठवड्याची सुट्टी रात्री तुकड्यातुकड्याने द्यावी अशी तडजोड झाली. सून घड्याळाकडे बघत होती. तिचे गुरुवारचे चार तास इथेच संपले होते आणि घरी मिक्सर सुट्टीवर होता.

खरा घोळ झाला तो ग्राफिक्स कार्डाचा. नवं कार्ड झेपणारं नव्हतं, म्हणून जोडणीवाल्याने एक वापरलेलं काढून ठेवलं होतं. हातभर लांब, दोन पंख्यांचं, चांगल्या अवस्थेतलं.

“आधी कुठे होता?” सासऱ्यांनी विचारलं.

“एका गृहस्थांकडे, दोन वर्षं.”

“सोडलं का?”

जोडणीवाल्याला सांगता येईना. सासऱ्यांनी फाइल मिटली. चारित्र्याच्या दाखल्याशिवाय त्यांनी चौतीस वर्षांत पाणक्यासुद्धा नेमला नव्हता. मग शुक्रवारी तिघंही त्या गृहस्थांच्या घरी गेले. ते पोहायला शिकवणारे होते, दंडांनी दार अडवणारे. कार्ड का विकलं म्हणून विचारल्यावर ते म्हणाले, की जुळं झालं. आतून दोन रडणारे आवाज एकदम आले. कार्डाकडे बघून त्या धिप्पाड माणसाचे डोळे भरून आले. त्यांनी दाखला लिहून दिला, ‘याने माझ्याकडे दोन वर्षे इमानाने काम केले. उन्हाळ्यात आवाज करतो, पण मनाने चांगला आहे. घरगुती अडचणींमुळे आम्हीच त्याला मोकळे केले.’

“असं पत्र मला कधी कुणी दिलं नाही,” जिना उतरताना जोडणीवाला म्हणाला. एव्हाना तोही कामातून गेला होता. काल ‘भाग’ म्हणत होता, आज ‘मंडळी’ म्हणू लागला होता.

शनिवारी मंडळी रुजू झाली. प्रत्येकाचं रुजू होण्याचं पत्र तयार होतं. त्यांना सही करता येत नाही म्हटल्यावर जोडणीवाल्याने ‘करिता’ लिहून सगळ्यांच्या सह्या ठोकल्या. सासरे खुर्ची ओढून बसले आणि कुठला स्क्रू कुठे गेला, कुठली खिटी दाबली की कोण सुटतं, हे त्यांनी वहीत आकृतीसह टिपून घेतलं. रुजू करून घेणाऱ्याला कार्यमुक्तही करता आलं पाहिजे, हे त्यांचं जुनं तत्त्व.

चार वाजता यंत्र सुरू झालं. तिने एक मोठं स्वयंपाकघर उघडलं आणि फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने लपवलं नाही, कारण बघायला कुणी नव्हतं. बापलेक दोघंही यंत्राच्या मागच्या बाजूला हात धरून वारा किती येतोय ते बघत होते.

दुसरा दिवस रविवार. नवरा न्याहारी करून जो टेबलाशी बसला तो मधे जेवायला तेवढा उठला आणि चारला थांबला. साडेसात तास त्याने लाल रंगाची एक गाडी पळवली. मागे सासरे वही मांडीवर घेऊन बसले होते.

“कुठे निघालायस?” त्यांनी एकदा विचारलं.

“कुठे नाही, बाबा. गोल फिरतोय.”

“मग एवढी घाई कशाला?”

नवऱ्याने पुढचं वळण घेतलं. सासऱ्यांनी मात्र वहीत काहीतरी लिहिलं. ती तेव्हा पलीकडे सोमवारच्या भाज्या चिरून ठेवत होती. सकाळी धांदल नको म्हणून ती सगळी तयारी आदल्या दिवशीच करून ठेवत होती.

सोमवारी नवऱ्याचा डबा, सासऱ्यांची औषधं, न्याहारी, दुपारचा स्वयंपाक, सगळं आवरून ती साडेनऊला टेबलाशी आली. नवरा कामावर गेला होता. सासरे खिडकीपाशी पेपर वाचत होते. तिने केस नीट केले, बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला. तिने मॉनिटरची वायर दाबून पाहिली, काढून लावली, देवाचं नाव घेऊन पुन्हा बटण दाबलं. पडदा ढिम्म.

तिने जोडणीवाल्याला फोन लावला.

“कार्ड नीट बसलंय का बघा,” तो म्हणाला. “सगळी मंडळी बरी आहेत ना?”

तिने यंत्राची बाजूची काच काढली. कार्डाच्या जागी कार्ड नव्हतं. तिथे सुवाच्य अक्षरातली एक चिठ्ठी लावलेली होती, ‘रजेवर. उद्या हजर.’

तिने फोन ठेवला.

“बाबा,” ती म्हणाली. “कार्ड कुठे आहे?”

“कपाटात, मऊ कापडात गुंडाळून. विश्रांती घेतंय.” सासऱ्यांनी पेपर उलटला. “काल सुट्टीच्या दिवशी त्याने साडेसात तास काम केलं. भरपाई रजा देय होती, ती मी दिली.”

“माझी दहाला परीक्षा आहे!”

“आहे ना. मी कुठे अडवलंय? दिवसपाळीची सगळी मंडळी जागेवर आहेत. ते कार्ड संध्याकाळच्या पदावरचं, खेळापुरतं.”

“त्याच्याशिवाय पडद्यावर काही दिसतच नाही हो! चित्र तेच दाखवतं, माझंही आणि यांचंही!”

सासऱ्यांचा चेहरा उतरला. पेपर खाली आला. आपल्या हातून चूक झाली आहे हे त्यांना कळलं, पण कळून काय उपयोग? त्यांनी खिशावर हात ठेवला. कपाटाची चावी त्या खिशात होती.

“मोठी पंचाईत झाली गं,” ते म्हणाले. “पण मंजूर झालेली रजा मी आजवर कुणाची मोडली नाही. मंजूरच थोड्या केल्या, ते खरं. पण दिलेली परत घेतली नाही. आता हा घरचा म्हणून त्याच्यावर अन्याय करू?”

घड्याळात नऊ त्रेचाळीस झाले होते. ती वही खिडकीतून खाली भिरकावून द्यावी, असं तिच्या फार मनात आलं. पण अकरा वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. या माणसापुढे रडून भागत नाही, ओरडून भागत नाही, इथे काट्यानेच काटा काढावा लागतो.

“रजेवरच्याला परत बोलवायचा काही नियम असेलच ना?”

“आहे,” सासरे लगेच म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं झालं. “दुसऱ्या एखाद्याने आपल्या शिलकीतली एक रजा त्याच्या नावावर केली, तर त्याला आज बोलवता येतं.”

“मग माझी एक द्या त्याला.”

“छान. छान सुचवलंस.” त्यांनी वही उघडली. पेनचं टोपण काढलं. फ्रिजचं पान गेलं, मिक्सरचं गेलं, घंटीचं गेलं. मुलाचं पान आलं, त्याच्या सगळ्या सुट्ट्या लाल शाईत. त्यांचं स्वतःचं पान आलं. मग प्रोसेसर, दोघे भाऊ, पॉवर सप्लाय, रजेवरचं कार्ड. पुढे कोरी पानं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून चाळायला सुरुवात केली.

“नाहीये, बाबा,” ती म्हणाली.

“असं कसं? रुजू कधी झालीस?”

“लग्न झालं त्या दिवशी.”

“साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी?”

ती खरोखर आठवायला लागली. “कुठल्याच नाही.”

“आजारपणाची?”

“आजारी दोनदा पडले होते. तेव्हा स्वयंपाक उरकून मग झोपले.” तिला यात काही टोमणा मारायचा नव्हता. तिचा डोळा घड्याळावर होता आणि ती भराभर उत्तरं देत होती, एवढंच. “बाबा, नऊ सत्तेचाळीस झाले.”

“आणि कंपनीचं काम?”

“ते दिवसा. घरचं सकाळी आणि संध्याकाळी.”

“म्हणजे दुहेरी,” सासरे म्हणाले. “अकरा वर्षं. माझ्या नाकासमोर. ना नेमणुकीचं पत्र, ना रजा, ना नोंद.” पेन त्यांच्या हातातून वहीवर घरंगळलं. “माझ्यापुढे असं प्रकरण आलं असतं ना, तर मी त्या विभागप्रमुखाला घरी बसवला असता.”

मग त्यांची नजर वहीवरून उठली आणि भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोवर गेली. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. वही तेव्हाही होती. गॅसच्या शेगडीचं पान तेव्हाचंच होतं. सासूबाईंचं पान नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले, आणि ते पुसणं काही संपेना.

तिला त्यांची दया आली. अशा वेळी आपल्याला दया यावी याचा तिला रागही आला.

“बाबा, रडायचं नंतर,” ती म्हणाली. “आधी चावी.”

त्यांनी चावी दिली. नुसती दिली नाही, स्वतः उठले. कापड उलगडून त्यांनी कार्ड बाहेर काढलं, वहीतली आकृती समोर धरली. तिने मोबाइलचा उजेड धरला. खिटी नीट बसली, स्क्रू नीट फिरला. नऊ अठ्ठावन्नला पडदा उजळला.

दहाच्या ठोक्याला तपासनीस बाई आल्या. त्यांनी जड चित्र उघडायला लावलं. ते त्यांच्या मुख्य कचेरीतल्या, दोनशे माणसांचा स्वयंपाक होणाऱ्या भटारखान्याचं होतं. ते फिरवायला लावलं, त्यातले सगळे खण एकदम उघडायला लावले, छतावरून खाली बघायला लावलं. कुठे काही अडकलं नाही. एवढ्यात मागून सासऱ्यांचा आवाज आला. ते लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते. “रजा अर्धवट सोडून स्वखुशीने हजर. वर्तणूक उत्तम.”

“मागे कोण आहे?” तपासनीस बाईंनी विचारलं.

“आमचे आस्थापना प्रमुख,” ती म्हणाली. दुसरं तिला सुचलंच नाही.

“घरी आस्थापना विभाग आहे?” बाई चाट पडल्या. “इथे आमच्याकडेही धड नाही. बरं, तुमचं यंत्र पास. उद्यापासून घरूनच करा.”

ती खुर्चीत मागे रेलली. नऊ तासांचं अंतर, वसतिगृहातली खाट, सगळं पुसलं गेलं. तिला हसू येत होतं.

दुपारी ती पानं वाढायला उठणार तोच सासरे समोर येऊन उभे राहिले. वहीत एक नवं पान सुरू झालं होतं आणि त्यांच्या हातात रजेचा अर्ज होता. बहुतेक रकाने त्यांनीच भरले होते. शिल्लक साप्ताहिक सुट्ट्या, पाचशे बहात्तर. पद, घरचे सर्व. रजेचं कारण, देय होती. बदली कामगार या रकान्यात आधी त्यांचं स्वतःचं नाव होतं आणि खाली मुलाचं, त्याला न विचारता.

“एक रकाना तुझ्यासाठी ठेवलाय,” ते म्हणाले.

तो शेवटचा होता. रजेच्या काळातला पत्ता. तिने पेन हातात घेतलं. रजेवर माणूस कुठेतरी जातं, पण तिला जायचं नव्हतं. इथे राहता यावं म्हणून तर हा आठवड्याचा सगळा आटापिटा झाला. बऱ्याच वेळाने तिने लिहिलं, ‘इथेच. स्वयंपाकघर सोडून.’

सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं. अर्जात खोट काढण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण त्यांनी काही काढली नाही. सही केली, तारीख घातली आणि अर्ज तिच्यासमोर ठेवून ते आत गेले.

आतून झाकणं उघडल्याचे आणि मिटल्याचे आवाज येऊ लागले. काहीतरी पडलं. ती सवयीने अर्धी उठली आणि परत बसली. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना, म्हणून तिने ते मांडीवर ठेवले.

“अगं,” आतून सासऱ्यांचा आवाज आला. “दुपारचं सकाळीच केलंयस, ते मी वाढतो. संध्याकाळचं मला करायचंय. मुलाला काय आवडतं ते माहीत आहे. मला काय आवडतं तेही माहीत आहे. तुला काय आवडतं खायला?”

ती उत्तर द्यायला तोंड उघडून बसली. नवऱ्याची आवड ओठांवर आली, सासऱ्यांची आली, गेलेल्या सासूबाईंचीही आली.

सासरे पीठ लागलेल्या हातात पेन धरून दारात येऊन उभे राहिले.

“सांग ना, पानावर लिहायचंय.”

“थांबा, बाबा,” ती म्हणाली. “आठवतेय.”